मुद्दाम चुकता यायला हवं

चांगला खेळाडू हा चांगला शिक्षक असतोच असं नाही, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ऐकून मानही डोलावलेली असते. आणि तरीही क्लास लावायची वेळ आली की आपला पहिला प्रश्न काय? "पण तो स्वतः कसा खेळतो?" आचरेकर सर आयुष्यात एकच फर्स्ट क्लास मॅच खेळले होते, हे निदान मराठी माणसाने तरी विसरू नये! असो. आज क्रिकेटवर लिहायचं नाहीये. आज लिहायचंय फ्लाय कास्टिंग शिकवण्यावर.

"फ्लाय काय??" असं विचारणाऱ्यांसाठी (म्हणजे इथे येणाऱ्या बहुतेक मंडळींसाठी) थोडं प्रास्ताविक. आपण लहानपणी नदीवर नाहीतर खाडीवर पाहिलेला गळ आठवा. दोरीच्या टोकाला शिसाचा तुकडा, आकड्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी. फेकायचं ते शिसं, दोरी आपली मागून निमूट जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळा मामला उलटा. टोकाला असते पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेली खोटी माशी. (मासा पकडायला माशी!) तिला वजन जवळजवळ नसतंच. मग फेकायचं काय? तर खुद्द दोरी. ही लाइन जाडसर, आवरण चढवलेली असते. पाच नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट वजन करून पाहिले तर १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. ही ९ ग्रॅमची दोरी ९ फुटी लवचीक रॉडने आधी पाठीमागे हवेत पसरवायची, ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे पाठवायची. जाताना ती हवेत आडव्या पडलेल्या इंग्रजी 'यू'सारखा आकार घेते. त्याला लूप म्हणतात. लूप अरुंद असला तर लाइन बाणासारखी जाते, रुंद असला तर अर्ध्या वाटेत दम तोडते. झालं, थिअरी संपली.

ऐकायला पाच मिनिटं लागतात, जमायला अख्खा उन्हाळा जातो. आणि शिकवायला? तिथेच तर गंमत आहे.

इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये सिमेंटचे तीन उथळ तलाव आहेत. १९३० च्या दशकातल्या मंदीत, आपल्या रोजगार हमीसारख्या एका सरकारी योजनेतून बांधलेले. समोरच्या बाजूला कुंपणात बायसन चरत असतात. तलावात एकही मासा नाही. लोक आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधून तासन् तास लाइन फेकत असतात. लांबून बघणाऱ्याला हा प्रकार वेड्यांचा बाजार वाटावा. पण शिकवणं म्हणजे काय हे बघायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, कारण मासा नावाचं नशीब मध्ये येत नाही. जे काही होतं ते शिकवणारा, शिकणारा आणि ती दोरी या तिघांतच.

आणि तिथे शनिवारी सकाळी उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. सत्तर-ऐंशी फूट लाइन लीलया फेकणारा एक गृहस्थ आणि त्याच्या शेजारी रॉड धरून कानकोंडी झालेली त्याची बायको, मुलगा किंवा ऑफिसातला मित्र. गृहस्थ म्हणतो, "हे बघ, असं." आणि सुंदर कास्ट करून दाखवतो. मग म्हणतो, "आता तू कर." तिची लाइन पायाशी गोळा होते. "नाही नाही, असं!" पुन्हा एक सुंदर कास्ट. चौथ्या वेळी आवाज चढतो, सहाव्या वेळी बायको गाडीत जाऊन बसते.

त्या गृहस्थाचा जीव तुटत असतो, यात शंका नाही. त्याला येतं ते त्याच्या हाताला येतं, तोंडाला येत नाही. आपल्या आया-आज्यांच्या रेसिपीसारखं: मीठ चवीपुरतं, पाणी अंदाजाने, आणि पीठ "मऊसर" मळायचं. मऊसर म्हणजे किती? "अगं कळतं हाताला!" हाताला कळतं हे शंभर टक्के खरं. पण ज्याच्या हाताला अजून कळलेलं नाही त्याला या वाक्याचा काडीचा उपयोग नाही.

कास्टिंगमध्ये तर हे आणखी अवघड, कारण जे बिघडतं त्यातलं निम्मं शिकणाऱ्याच्या पाठीमागे घडतं आणि सगळं मिळून दोन-तीन सेकंदांत संपतं. शिवाय जे जाणवतं आणि जे घडतं त्यांचा मेळ नसतो. नवा माणूस छातीठोकपणे सांगतो, "मी थांबलो होतो की मागे." नसतो थांबलेला. खोटं बोलत नसतो बिचारा, त्याला खरंच तसं वाटलेलं असतं. आणि जोर लावला की लांब जातं, हे आपल्याला दगड भिरकावायच्या वयापासून माहीत असलेलं सत्य इथे चक्क खोटं ठरतं. भलत्या क्षणी लावलेल्या जोराने लाइन गुंतते.

मग पूर्वी शिकवायचे कसे? ठोकळ्याने. काखेत पुस्तक धरायचं, ते पडता कामा नये. रॉड घड्याळाच्या काट्यासारखा समजायचा आणि दहा ते दोनच्या मध्येच हलवायचा. नॉर्मन मॅक्लीनच्या १९७६ च्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या कादंबरिकेतला पाद्री बाप आपल्या मुलांना मेट्रोनोम लावून, चार मात्रांच्या ठेक्यावर, दहा ते दोनच्या मध्येच कास्ट करायला शिकवतो. १९९२ मध्ये रॉबर्ट रेडफर्डने त्यावर सिनेमा काढला आणि शहरी अमेरिकन माणसं ब्रॅड पिटसारखं दिसायच्या आशेने नद्यांकडे धावत सुटली. ठेका म्हणून ते वाईट नाही. पण दहा ते दोन हा नियम नव्हे, ती एका लांबीच्या लाइनची एक सवय आहे. लाइन २० फूट बाहेर असेल तर रॉडला तेवढं फिरायची गरज नसते. ६० फूट असेल तर तेवढं पुरत नाही. मेट्रोनोमचंही तेच. जास्त लाइन उलगडायला जास्त वेळ लागणार, मग ठेका एकच कसा राहील?

हे नीट कागदावर मांडलं ते बिल गॅमल आणि त्याचे वडील जे गॅमल या बापलेकांनी, १९९० मध्ये. एक छोटीशी पुस्तिका, त्यात पाच तत्त्वं. लाइनमध्ये ढील कमीत कमी ठेवा. प्रत्येक कास्टच्या शेवटी थांबा, आणि लाइन जितकी जास्त तितकं जास्त थांबा. रॉडचं टोक सरळ रेषेत न्या. लाइन जितकी लांब तितका रॉड फिरण्याचा कोन मोठा ठेवा. आणि जोर योग्य तेवढा, योग्य जागी लावा. बस्स. (आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी हेच लिहिलं असतं तर ४०० पानं झाली असती आणि दुसऱ्या वर्षी व्हर्जन २.० आलं असतं.)

यात काय आहे यापेक्षा काय नाही ते बघा. कोपर कुठे ठेवायचं ते नाही. अंगठा वर की बाजूला ते नाही. कुठला पाय पुढे ते नाही. खांद्यावरून फेकायचं की कमरेच्या उंचीवरून, ते नाही. म्हणजे ही पाच तत्त्वं लाइन आणि रॉड यांच्याबद्दल आहेत, माणसाच्या शरीराबद्दल नाहीतच. शरीराने काहीही करावं, टोक सरळ गेलं पाहिजे. लेफ्टी क्रे (१९२५-२०१८) हा या खेळातला दादा माणूस. त्याने घड्याळ फेकून दिलं. हात खाली, बाजूने लांब ओढायचा, सोबत अख्खं अंग वळवायचं. तोही तितकाच बरोबर आणि डोक्यावरून ताठ कास्ट करणाराही बरोबर. एकाची स्टाइल दुसऱ्याची चूक नव्हे.

हा फरक पुस्तकी वाटेल. पण इथे पणाला बरंच काही लागलेलं असतं.

अमेरिकेत 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची संस्था आहे, १९९६ मध्ये व्हरमाँटमध्ये सुरू झालेली. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांना ती विनामूल्य शिबिरात फ्लाय फिशिंग शिकवते. सुरू करणाऱ्या दोघींपैकी एक शल्यविशारद होती आणि एक फ्लाय फिशिंगवाली. कल्पना साधी: ऑपरेशननंतर खांदा आणि छातीचे स्नायू मोकळे व्हावेत म्हणून जे व्यायाम सांगतात, त्यांच्याशी कास्टिंगची हालचाल मिळतीजुळती आहे. २००५ मध्ये वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलमध्ये 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू झालं, जखमी सैनिकांसाठी. त्यांच्यात हात गमावलेले होते, पाय गमावलेले होते.

आता आपल्या तलावावरच्या त्या गृहस्थाला इथे आणून उभं करा. समोर एक बाई आहे, जिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो म्हणतो, "हे बघ, असं." कसं? त्याच्याकडे दाखवायला एकच 'असं' आहे, आणि ते तिच्या शरीराला शक्य नाही. त्याला माहीत असलेली गोष्ट त्याच्यासारख्याच शरीराच्या माणसाला देता येते, बाकीच्यांना नाही. याउलट ज्याला ठाऊक आहे की खरी अट फक्त टोकाच्या सरळ रेषेची आहे, तो म्हणेल, "कोपर खालीच राहू दे. रॉड आडवा धर आणि कमरेतून वळ." दहा मिनिटांत तिची लाइन ३० फुटांवर सरळ पडते. कॅन्सरनंतर ज्या हाताकडे ती फक्त दुखणं म्हणून बघत होती, त्या हाताने काहीतरी सुंदर केलेलं असतं. माझ्या मते इन्स्ट्रक्टरची लायकी इथे ठरते, ऐंशी फुटांवर नाही.

बरं, तत्त्वं पाठ केली की झालं का? नाही ना. तत्त्वं सगळ्यांना पाठ असतात. अडतं ते डोळ्यापाशी.

ब्रूस रिचर्ड्स नावाचा एक माणूस आहे, आयुष्य सायंटिफिक अँगलर्स कंपनीत फ्लाय लाइन डिझाइन करण्यात गेलं. त्याने इन्स्ट्रक्टरांसाठी एक सहा पायऱ्यांची पद्धत घालून दिली, आणि ती वाचली तेव्हा मला थेट आपलं डीबगिंगच आठवलं. पहिल्या तीन पायऱ्या निदानाच्या: लाइन काय करतेय? ती तसं करतेय म्हणजे रॉडने काय केलं? रॉडने तसं केलं म्हणजे शरीराने काय केलं? पुढच्या तीन उपायाच्या, आणि बरोबर उलट्या क्रमाने: शरीराने काय बदलायचं, म्हणजे रॉड काय करेल, म्हणजे लाइन काय करेल.

उदाहरण घेऊ. लाइन पाठीमागे गवतात पडतेय. म्हणजे रॉड मागे फार खाली झुकतोय. का? मनगट पूर्ण मागे मोडतंय म्हणून. उपाय: रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत खोचून द्या. आता मनगट मोडायचं म्हटलं तरी बाही अडवते. रॉड वेळेवर थांबतो, लाइन गवताच्या वर राहते. एक वाक्यसुद्धा न बोलता काम झालं! पण हीच तक्रार घेऊन दुसरा माणूस येतो आणि त्याचं मनगट लोखंडासारखं ताठ असतं. तो अख्खा हात कोपरातून गाडीच्या वायपरसारखा फिरवत असतो. लक्षण तेच, कारण वेगळं. त्याच्या बाहीत रॉड खोचलात तर तुम्ही त्याच्या निरोगी अवयवाला प्लॅस्टर घातलंत.

याहून मजेशीर प्रकार टेलिंग लूपचा. यात लाइनचा वरचा भाग खाली येऊन खालच्या भागाला छेदतो आणि शेवटच्या बारीक तंगुसाला गाठ बसते. या गाठीला लोक म्हणतात 'विंड नॉट', वाऱ्याची गाठ. वारा बिचारा निर्दोष असतो. रॉडचं टोक सरळ जायच्याऐवजी मधेच खाली दबतं म्हणून ती गाठ बसते. आणि टोक दबण्याची कारणं अनेक: जोर एकदम झटक्यात लावला, किंवा रॉड लाइनच्या मानाने कमी फिरवला, किंवा थांबलेलं असताना हात नकळत पुढे सरकला आणि त्यामुळे फिरायला जागाच कमी उरली. हे शेवटचं म्हणजे क्रीप. डोळा तयार नसेल तर वर्षानुवर्षं दिसत नाही. शेजारचा उत्साही माणूस मात्र ठोकून देतो, "अजून थांब, अजून थांब!" थांबण्याचा काही संबंधच नसतो. प्रॉडक्शनमध्ये काहीही पडलं की सर्व्हर रीस्टार्ट करून बघणारे लोक ओळखीचे आहेत ना? तेच हे.

इथे कुणी म्हणेल, मग कॅमेरे आणि सेन्सर कशाला आहेत? आहेत की. याच रिचर्ड्सने मिशिगन विद्यापीठातल्या नोएल पर्किन्स या मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाबरोबर रॉडला लावायचा जायरोस्कोप बनवला होता. रॉड किती वेगाने फिरला, कधी थांबला, क्रीप झाला का, सगळा आलेख समोर. माझ्यातल्या इंजिनिअरला ते फार आवडतं. पण आलेख फक्त काय झालं ते सांगतो. समोरच्याला आत्ता त्यातलं काय सांगायचं आणि काय गिळून टाकायचं, हे त्या आलेखात नसतं.

आणि गिळून टाकणं हेच सगळ्यात अवघड. डोळा तयार झालेल्या माणसाला नवशिक्याच्या एका कास्टमध्ये सात चुका दिसतात. त्या सातही सांगायची जबरदस्त खाज सुटते. एका क्लासमध्ये मी एका इन्स्ट्रक्टरची वाक्यं मोजली होती (सवय, दुसरं काय). दोन कास्टच्या मध्ये अकरा सूचना. शिकणारा मुलगा शेवटी रॉड खाली ठेवून म्हणाला, "यातली पहिली कुठली करू?" फार चांगला प्रश्न होता. कोड रिव्ह्यूमध्ये नव्या मुलाच्या पहिल्याच कामावर चाळीस कॉमेंट टाकणारे सिनियर मला तेव्हा हटकून आठवले. त्यांच्या चाळीसही कॉमेंट बरोबर असतात, हीच तर पंचाईत.

याबद्दल नुसती मतं नाहीत, अभ्यास आहेत. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं की हालचाल शिकताना दर वेळी 'कसं झालं' हे सांगितलेल्या लोकांपेक्षा, निम्म्या वेळाच सांगितलेल्यांना नंतरच्या चाचणीत ती जास्त चांगली लक्षात राहिली. सतत सांगितलं की माणूस सांगण्यावर टेकतो. स्वतःची चूक स्वतःला जाणवायची सवयच लागत नाही. १९९८ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या यंत्रावर प्रयोग केला. एका गटाला सांगितलं, लक्ष पायांच्या जोरावर ठेवा. दुसऱ्याला सांगितलं, पायाखालच्या फळीच्या चाकांवर ठेवा. चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगले शिकले. म्हणजे "मनगट ताठ, कोपर आत, खांदा सैल" यापेक्षा "ब्रशमध्ये रंग आहे आणि तो समोरच्या भिंतीवर एका ठिपक्यावर उडवायचाय, असं समज" हे एक वाक्य जास्त काम करतं. तलावावरचे जुने इन्स्ट्रक्टर हे ब्रशचं वाक्य कुठलाही पेपर न वाचता वापरतात, हे सांगायला मला आनंद होतो :-)

वुल्फवरून आठवलं. दुसरी एक वुल्फ, जोन वुल्फ. तिच्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. (आडनावात एक 'एफ' जास्त, नातं काही नाही.) जन्म १९२६, न्यू जर्सी. १९५१ मध्ये तिने राष्ट्रीय स्पर्धेत फिशरमेन्स डिस्टन्स हा प्रकार जिंकला, समोर सगळे पुरुष. १९६० मध्ये १६१ फूट कास्ट केला. पण मला तिच्या चरित्रातली आवडती गोष्ट ही नाही. ती आधी डान्स शिकवायची! १९७९ मध्ये नवरा ली वुल्फबरोबर तिने न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल्सच्या डोंगरात फ्लाय फिशिंगची शाळा काढली, आणि १९८७ च्या पुस्तकात कास्टच्या तुकड्यांना नावं दिली. आधी रॉड हळू ओढून वाकवायला सुरुवात करायची ती 'लोडिंग मूव्ह'. मग शेवटचा झटका देऊन थांबायचं तो 'पॉवर स्नॅप'. थांबल्यावर हात लाइनच्या दिशेने थोडा तरंगत न्यायचा तो 'ड्रिफ्ट'.

नावं देण्यात काय मोठंसं, असं वाटेल. मग तबल्याचा विचार करा. धा, धिं, ना, तिट... प्रत्येक आघाताला बोल आहे म्हणून गुरुजी तबल्याला हात न लावता, समोर बसून, तोंडाने सांगू शकतात की तुझा 'तिट' कच्चा आहे. बोल नसते तर त्यांनाही "हे बघ, असं" म्हणूनच वाजवून दाखवावं लागलं असतं. जोन वुल्फने कास्टिंगला बोल दिले. नाच शिकवलेल्या बाईला ते सुचलं यात मला योगायोग दिसत नाही. नाचाच्या क्लासमध्ये वीस शरीरं समोर असतात, वीसही वेगळी. तिथे तुकडे पाडून, नाव देऊन, मोजून शिकवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

मेल क्रीगर (१९२८-२००८) हा याच सॅन फ्रान्सिस्कोचा. तो म्हणायचा की शिकणारे दोन प्रकारचे, इंजिनिअर आणि कवी. इंजिनिअरला कारण सांगा, कोन सांगा, का ते सांगा. कवीला एक प्रतिमा द्या आणि बाजूला व्हा. आपण सगळे कुठल्या गटात ते उघड आहे. पण इथे एक धोका आहे जो आपल्या जमातीने लिहून ठेवावा: इंजिनिअर शिकवायला लागला की त्याला समोर इंजिनिअरच दिसतो. आठ वर्षांच्या मुलीला तो टॉर्क समजावतो. तिला खरं तर "कोपऱ्यात झुरळ आहे, त्यावर पाणी उडव" एवढंच पुरलं असतं. दोन्ही भाषा यायला हव्यात, आणि जी आपली नाही तिचीच प्रॅक्टिस जास्त करायला हवी.

या क्रीगरच्या पुढाकाराने, आणखी काही जाणत्यांच्या साथीने, १९९२ मध्ये फेडरेशन ऑफ फ्लाय फिशर्सने (आता फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल) कास्टिंग इन्स्ट्रक्टरची परीक्षा सुरू केली. आधी साधा इन्स्ट्रक्टर, मग मास्टर, दोन हातांच्या रॉडसाठी वेगळी. लेखी असते, प्रत्यक्ष कास्टिंग असतं आणि शिकवून दाखवायचंही असतं. मला त्यातलं सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये? परीक्षक म्हणतो, "आता रुंद लूप करून दाखवा." म्हणजे वाईट कास्ट. मग म्हणतो, "टेलिंग लूप करून दाखवा आणि तो का झाला ते सांगा."

मुद्दाम, सांगितल्याबरोबर, पाहिजे तीच चूक! करून बघा कधी. वर्षानुवर्षं चांगला कास्ट करणाऱ्याला हे जमत नाही. त्याचा हात चुकीचं करायला तयारच होत नाही. किंवा चूक होते, पण कशामुळे झाली ते सांगता येत नाही, आणि दुसऱ्यांदा तशीच करता येत नाही. ज्याला बग हवा तेव्हा परत घडवता येतो, त्यालाच तो कळलेला असतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. शिवाय शिकवताना याचा रोख उपयोग असतो. विद्यार्थ्याची लाइन जशी पडतेय हुबेहूब तशी आपल्या हाताने पाडून दाखवायची आणि विचारायचं, "तुझं असं होतंय ना?" त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पहिल्यांदाच त्याला स्वतःची चूक बाहेरून दिसलेली असते, आणि आपला कुणी पाणउतारा केला असंही वाटत नाही, कारण तीच चूक मास्तरांनीही केलीय.

परीक्षेवर टीका होते, आणि ती सगळीच चुकीची नाही. जिथे परीक्षा तिथे '२१ अपेक्षित' आलंच. उत्तरं पाठ करून आलेले लोक असतात, आणि तोंडी परीक्षेत भरपूर बोलायची सवय लागली की तीच सवय विद्यार्थ्यासमोर सुटते. वर सांगितलेले अकरा सूचनावाले गृहस्थ सर्टिफाइड होते! तरीही "शिकवणं ही उपजत कला आहे, तिची कसली परीक्षा" म्हणणाऱ्यांपेक्षा मला ही परीक्षा बरी वाटते. उपजत म्हटलं की विषय संपतो. ज्याला येत नाही त्याने प्रयत्न करायचं कारण उरत नाही, आणि ज्याला येतं असं वाटतं त्याला कुणी तपासायचं कारण उरत नाही.

आणि शिकवण्याचीही प्रॅक्टिस करता येते, हे जाणते इन्स्ट्रक्टर करून दाखवतात. त्यातले कित्येक जण नियमाने डाव्या हाताने कास्ट करतात. मिरवायला नाही. डाव्या हाताला काहीच येत नसतं, त्यामुळे नवशिक्याला काय वाटतं ते पुन्हा अंगाला कळतं. आणि उजव्या हाताला न विचारता येणारे प्रश्न डाव्याला विचारता येतात: थांबल्यावर मूठ घट्ट असते की सैल? आधी काय हलतं? काही जण स्वतःच्या क्लासचा व्हिडिओ काढतात आणि कास्टिंग न बघता आवाज ऐकतात. मी किती बोललो, तो किती बोलला, आणि एका कास्टनंतर मी किती सेकंद गप्प राहू शकलो. पाच सेकंद गप्प राहणं ७५ फूट फेकण्याइतकंच कठीण असतं. पाच सेकंद गप्प राहिलं की बहुतेक वेळा विद्यार्थीच म्हणतो, "मी लवकर ओढलं, हो ना?"

तर कधी इकडे आलात, किंवा हिमाचलमध्ये तीर्थनच्या काठी ट्राउटच्या मागे गेलात, आणि कुणाकडे कास्टिंग शिकायचं ठरवलंत, तर तो किती फूट फेकतो ते विचारू नका. ते तो आपणहून सांगेलच! पैसे देण्याआधी एवढंच म्हणा, "एक टेलिंग लूप करून दाखवता का?" पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात दाखवला आणि का झाला ते दोन वाक्यांत सांगितलं, तर पाकीट काढा. दहा वाक्यं लागली तर थोडी घासाघीस करा. आणि "माझा टेलिंग लूप होतच नाही" असं म्हणाला, तर त्याच्याबरोबर मासे पकडायला जरूर जा, क्लास दुसऱ्याकडे लावा.